बायोमेडिकलला घालायचे, पण कोणत्या कॉलेजात?

बारावीचे, नीटचे आणि सीईटीचे निकाल लागले की आपल्या शहराच्या क्रांती चौकाचे रूप बदलते. 1857 च्या सैनिकांना जिथे देहदंड दिला गेला तो काळा चबुतरा, शिवाजी महाराजांचा उंच पुतळा, उड्डाणपूल, हे सारे तिथेच असते. पण खांबाखांबावर क्लासचे फलक चढतात, त्यांवर मुलांचे चेहरे आणि पर्सेंटाईल झळकतात. झेरॉक्सच्या दुकानांपुढे प्लास्टिकच्या फाईली घेतलेले बाप उभे असतात, रिक्षात बुरख्यातल्या अम्मी वाट पाहत असतात. उस्मानपुऱ्याकडून, पैठण गेटकडून, बायजीपुऱ्यातून, शहागंजातून आलेली ही मंडळी एकमेकांना एकच गोष्ट विचारत असतात : "आपने कहाँ डाला?"

शिक्षक म्हणून आम्हालाही हा प्रश्न दरवर्षी येतो. पण अलीकडे त्यात एक नवा शब्द शिरला आहे. "सर, बायोमेडिकल इंजिनीअरिंग कसे आहे? मुलीला घालावे म्हणतो. डॉक्टरीसारखेच आहे ना?"

या "डॉक्टरीसारखेच" मध्ये सगळी गफलत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आपल्या घरांत मूल हुशार निघाले की ते डॉक्टर होणार हे ठरलेले असते. मुलगी असेल तर विचारायलाच नको. दहावीला नव्वद टक्के पडले की अकरावीला जीवशास्त्र घेतले जाते आणि "डॉक्टर होणाऱ्याला गणित कशाला" म्हणून गणित सोडले जाते. दोन वर्षांनी नीटमध्ये सरकारी जागेइतके गुण पडत नाहीत. मग कुणीतरी सांगते की बायोमेडिकल नावाची शाखा आहे, दवाखान्यातलेच काम आहे. घरात आशा पालवते. आणि त्या वेळी कळते की महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या पदवीला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचे आहे, आणि सीईटी पीसीएम गटाची द्यावी लागते. जीवशास्त्रात शंभरपैकी पंच्याण्णव असले तरी उपयोग नाही. गणित नाही, म्हणजे दार बंद.

म्हणजे विद्यापीठ निवडण्याची वेळ बारावीनंतर येते असे आपण समजतो, पण ती खरे तर दहावीच्या निकालाच्या आठवड्यातच येऊन जाते. ज्यांची मुले आता दहावीत आहेत त्यांना आमची एकच विनंती आहे. डॉक्टर करायचे असेल तर जरूर करा, पण गणित सोडू नका. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेता येतात. भार पडतो, खरे आहे. पण सीईटी दोन्ही गटांची देता येते आणि दोन्ही वाटा उघड्या राहतात. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलींना गणित झेपणार नाही असे म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालत बसत नाही. आमच्या वर्गातील मुली आणि त्यांच्या वह्या त्यांना दाखवतो.

आता ही शाखा म्हणजे काय ते पाहू. बायोमेडिकल इंजिनीअर रोग्याला तपासत नाही, औषध लिहीत नाही. तो किंवा ती यंत्राशी काम करते. साधे उदाहरण ईसीजीचे घ्या. हृदय धडधडते तेव्हा छातीच्या कातडीवर जी वीज उमटते ती एक मिलीव्होल्टच्या आसपास असते. घरातल्या टॉर्चमधला एक सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे त्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी. त्याच खोलीत दिव्यांची, पंख्यांची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेत गुणगुणत असते. या गोंगाटातून हृदयाचा तो बारीक आवाज वेगळा काढायचा, मोठा करायचा, कागदावर उमटवायचा आणि हे करताना रोग्याला धक्का बसू द्यायचा नाही. हे काम निम्मे इलेक्ट्रॉनिक्सचे, पाव गणिताचे आणि उरलेले शरीरशास्त्राचे आहे. चार वर्षांत मुलांना सर्किट, सिग्नल प्रोसेसिंग, सेन्सर, सोनोग्राफी-एमआरआयसारखी प्रतिमा काढणारी यंत्रे, कृत्रिम सांधे-झडपांसाठी लागणारे पदार्थ आणि त्यांच्या जोडीला शरीररचना शिकावी लागते. ज्या मुलाला मिक्सर बिघडला की उघडून पाहावासा वाटतो त्याला हे आवडेल. डॉक्टर होता आले नाही म्हणून पांढऱ्या कोटाच्या जवळ राहायला मिळेल, एवढ्यासाठी जो येईल त्याला तिसऱ्या सेमिस्टरमध्ये रडू येईल.

आणि या कामाची गरज किती आहे, हे आपल्या शहराइतके कुणाला माहीत असणार? 2021 चा एप्रिल-मे आठवा. कोरोनाची दुसरी लाट होती. घाटी रुग्णालयात खाट मिळावी म्हणून लोक रात्र-रात्र बाहेर बसून होते. त्या काळात पीएम केअर्स निधीतून 150 व्हेंटिलेटर घाटीकडे आले. त्यांपैकी वापरायला काढलेले 113 सदोष निघाले आणि उरलेले 37 खोक्यांतून बाहेरच काढले गेले नाहीत, अशी माहिती उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आली. न्यायालयाने वर्तमानपत्रांतील बातम्यांची स्वतःहून दखल घेतली होती. केंद्राच्या बाजूने सांगण्यात आले की यंत्रे ठीक आहेत, रुग्णालयांतील लोकांना ती नीट चालवण्याचे प्रशिक्षण नाही. डॉक्टर म्हणत होते की यंत्रे रोग्याला लावता येत नाहीत. या एकमेकांवर ढकलण्याबद्दल न्यायालयाने नाराजी व्यक्त केली.

दोष कोणाचा हे ठरवणे आमच्या आवाक्यातले नाही. पण ते वाचताना आम्हाला एकच वाटत होते. यंत्र बनवणारा आणि डॉक्टर यांच्यामध्ये उभे राहून, यंत्र उघडून, मोजमाप घेऊन "हे चालेल, हे चालणार नाही" असे छातीठोकपणे सांगणारी माणसे आपल्याकडे किती आहेत? तेच बायोमेडिकल इंजिनीअरचे काम.

आता कॉलेजे. आपल्या शहरात घाटी आहे, 1956 पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे. पण शासकीय अभियांत्रिकीत बायोमेडिकल ही पदवीची शाखा नाही. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर या शाखा आहेत. राज्यात ही शाखा जास्त करून मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली वाढली. नवी मुंबईत कामोठ्याला एमजीएमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ती चालत आलेली आहे आणि त्याच संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयही कामोठ्यालाच आहे. मधल्या काळात जागा भरत नाहीत म्हणून काही कॉलेजांनी ही शाखा बंदही केली. म्हणून शेजारच्याचा मुलगा पाच वर्षांपूर्वी जिथे गेला तिथे आजही शाखा असेल असे धरून चालू नका. सीईटी सेल दरवर्षी जागांचा तक्ता आणि आदल्या वर्षीचे कट-ऑफ प्रसिद्ध करते, ते स्वतः पाहा.

राज्याबाहेर जायचे तर जेईई मेनमधून राउरकेला आणि रायपूरच्या एनआयटी आहेत. दोन्हीकडे बायोमेडिकलची बी.टेक. आहे, आणि एनआयटीत निम्म्या जागा बाहेरच्या राज्यांतील मुलांसाठी असतात. हैदराबादच्या आयआयटीतही ही शाखा आहे, तिथे जेईई ॲडव्हान्स्ड लागते. हैदराबाद म्हटले की आपल्याकडच्या जुन्या लोकांना उस्मानिया आठवते. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा इथली हुशार मुले तिकडेच जात. उस्मानियाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात बायोमेडिकलची पदवी आहे, पण ते आता दुसऱ्या राज्याचे विद्यापीठ आहे आणि बाहेरच्या मुलांसाठी तिथली वाट अरुंद आहे. मणिपाल खासगी आहे, फी भारी आहे. पण तिथे 1953 पासूनचे कस्तुरबा मेडिकल कॉलेज आणि त्याचे मोठे रुग्णालय इंजिनीअरिंगच्या मुलांना पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

या अंतराबद्दल आम्ही मुद्दाम बोलतो आहोत. या शाखेचे कॉलेज निवडताना आमच्या मते पहिला प्रश्न प्लेसमेंटचा नाही आणि इमारतीचाही नाही. कॉलेजमागे दवाखाना कोणता उभा आहे आणि मुले तिथे आठवड्यातून किती वेळ जातात, हा पहिला प्रश्न आहे. "आमचा अमुक हॉस्पिटलशी करार आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. करार भिंतीवर फ्रेम करून लावलेला असतो. गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाची मुले तिथे किती दिवस गेली, त्यांना डायलिसिसचे यंत्र उघडलेले पाहायला मिळाले का, हे विचारा. ऑफिसात विचारू नका, गेटबाहेर चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या मुलांना विचारा. दोन कप चहात जे कळते ते माहितीपत्रकाच्या चाळीस पानांत नसते.

दुसरा प्रश्न शिक्षकांचा. शाखेत कायम नेमणुकीचे किती आणि तासिकेवरचे किती? तिसरा मान्यतेचा. इथे मोठा घोळ होतो. नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला असते. एनबीएची मान्यता एकेका शाखेला मिळते. फलकावर नॅकचे मोठे अक्षर दिसले म्हणजे बायोमेडिकल शाखाही तपासून झाली असे होत नाही. एनबीए आहे का आणि ती याच शाखेला आहे का, हे विचारावेच लागते. प्लेसमेंट विचाराल तेव्हा हेही विचारा की मुले बायोमेडिकलच्या कामाला लागली की संगणक कंपनीत कोडिंगला. कोडिंगला लागणे वाईट नाही, पण त्यासाठी एवढी वाट वाकडी करायची गरज नव्हती. पगाराबद्दलही मनात ठेवून चालावे. यंत्रांच्या देखभालीच्या नोकरीत सुरुवात लहान पगारावर होते आणि पहिली वर्षे दवाखान्या-दवाखान्यांत बॅग घेऊन फिरण्यात जातात. सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांची देखभाल बऱ्याच ठिकाणी ठेक्याने खासगी कंपन्यांकडे दिलेली असते, तेव्हा "सरकारी नोकरी लागेल" या भरवशावर कुणी राहू नये.

इथे एका घराची गोष्ट सांगतो, नाव-गाव न देता. मुलीला सीईटीत चांगले पर्सेंटाईल होते. वालिदांनी दूरच्या एका खासगी कॉलेजात बायोमेडिकलची जागा मॅनेजमेंट कोट्यातून नक्की करत आणली होती. त्यासाठी पडेगावकडचा छोटा प्लॉट विकायचे ठरले होते. आमचे म्हणणे त्यांना पटायला दोन संध्याकाळी लागल्या. "सर, नाव तर बायोमेडिकलच आहे ना पदवीवर?" ते पुन्हा पुन्हा विचारत. आम्ही विचारले, "भाईजान, त्या कॉलेजमागे दवाखाना कोणता?" त्यांना माहीत नव्हते. मुलीने फोन लावून विचारले, तर दवाखाना नव्हता, फक्त करार होता.

ज्या कॉलेजात ही शाखा कच्ची आहे तिथे प्लॉट विकून जाण्यापेक्षा चांगल्या सरकारी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन घ्यावे आणि बायोमेडिकल एम.टेक.ला घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्याच मराठवाड्यात, नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत इन्स्ट्रुमेंटेशनची शाखा आहे. मोजमाप, सेन्सर, नियंत्रण हाच तिचा विषय आणि व्हेंटिलेटर शेवटी दुसरे काय असते? पुढे गेट परीक्षा देऊन मद्रास आयआयटी, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनल संस्था मिळून चालवत असलेल्या क्लिनिकल इंजिनीअरिंगच्या एम.टेक.ला जाता येते. ही तीच श्री चित्रा संस्था, जिच्यात भारतीय बनावटीची हृदयाची कृत्रिम झडप तयार झाली. 1990 च्या डिसेंबरात ती पहिल्यांदा रोग्याच्या हृदयात बसवली गेली.

हे आम्ही नुसते समजुतीसाठी म्हणत नाही. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी त्रिचीला भौतिकशास्त्र आणि मद्रासला विमानविद्या शिकली, बायोमेडिकल नाही. मद्रासच्या प्रवेशाला लागणारे पैसे घरात नव्हते, तेव्हा बहीण जोहरा यांनी सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. पुढे क्षेपणास्त्रांवर काम करत असताना हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये पायात जड कॅलिपर घालून फरफटत चालणारी मुले त्यांनी पाहिली. कॅलिपरचे वजन तीन किलोच्या आसपास होते. क्षेपणास्त्रासाठी तयार केलेला हलका पदार्थ वापरून ते काहीशे ग्रॅमवर आणले गेले. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू यांच्यासोबत त्यांनी स्वस्त स्टेंटही विकसित केला. मुंबई आयआयटीत 2014 पासून बेटिक नावाचे केंद्र वैद्यकीय उपकरणे घडवण्यासाठी चालते. ते उभे करणारे प्राध्यापक मेकॅनिकलचे होते, आणि पुणे व नागपूरच्या अभियांत्रिकी संस्थांतही त्याच्या शाखा निघाल्या. तिथे इंजिनीअर आणि डॉक्टर एका टेबलाशी बसतात.

आपल्याकडे कार्यक्रमांत अल-जहरावींचे नाव मोठ्या अभिमानाने घेतले जाते. हजार वर्षांपूर्वी कुर्तुब्याला शस्त्रक्रिया करणारे हे हकीम, यांच्या ग्रंथात सुमारे दोनशे शस्त्रक्रियेच्या अवजारांची चित्रे आहेत. नाव घेणे चांगलेच. पण ते घेऊन झाल्यावर आपल्या मोहल्ल्यात दहावीच्या मुलींसाठी गणिताचा एक चांगला वर्ग चालतो का, हेही त्याच कार्यक्रमात कुणी विचारले तर बरे.

आता पैशांचे. व्याजाच्या कर्जाचा प्रश्न आपल्या घरांत वेगळा असतो. त्यावर निर्णय देणे आमचे काम नाही, आपल्या आलिमांना विचारावे. आम्ही एवढेच सांगू की कर्जाच्या आधी जे हक्काचे आहे ते घेतले का ते पाहा. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची उच्च व व्यावसायिक शिक्षणाची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर भरावी लागते. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, आणि फी माफीच्या जादा जागाही असतात, त्यांना टीएफडब्ल्यूएस म्हणतात. मुलींसाठी सर्वांत मोठी गोष्ट 2024 च्या जुलैमधल्या शासन निर्णयाची. आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी या प्रवर्गांतील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा, खासगी विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ यांना हे लागू नाही. म्हणजे वर सांगितलेल्या त्या वालिदांनी प्लॉट विकून घेतलेल्या जागेवर मुलीची हक्काची माफीही गेली असती.

आणि इथे आपली नेहमीची अडचण. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी, मणियार या आणि अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण दाखला काढलेला नसतो. "आम्हाला कशाला जात" म्हणून आजोबांनी शाळेच्या रजिस्टरमध्ये नुसते "मुस्लिम" लिहिलेले असते. मग जुने पुरावे शोधत तहसील, जात पडताळणी समिती असे फिरावे लागते आणि तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपतात. ज्यांची बिरादरी यादीत नाही त्यांनी आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढावा, तोही वेळेत. जकात देणाऱ्यांनाही एक सुचवावेसे वाटते. रमजानमध्ये शिवणयंत्र देता ते द्याच, पण एखाद्या गरजू मुलीच्या वसतिगृहाचे वर्षही त्यात येते का, हे मौलानांना विचारून पाहा.

पसंतीक्रम भरताना घाई करू नका. पहिल्या क्रमांकावर टाकलेले कॉलेज मिळाले तर ती जागा घ्यावीच लागते. न पाहिलेले कॉलेज केवळ नाव ऐकून पहिल्या ओळीत टाकू नये. जाऊन या, मुलीला सोबत न्या, तिचा भाऊ एकटाच पाहून आला म्हणजे झाले असे करू नका. वसतिगृह, जवळचे स्टेशन, रात्रीचा रस्ता, नमाजाची आणि जेवणाची सोय हे तिला स्वतः बघू द्या, राहायचे तिला आहे.

त्या मुलीने शेवटी पसंतीक्रम स्वतःच्या हाताने लिहिला. पहिले नांदेडचे इन्स्ट्रुमेंटेशन, दुसरे आपल्या शासकीय अभियांत्रिकीचे इलेक्ट्रॉनिक्स, तिसरे कामोठ्याचे बायोमेडिकल. वालिदांनी वाचून कागद घडी घातला आणि विचारले, "नांदेडची गाडी किती वाजता असते?"